हळूच सांगणारे मामा

"पावणं, हळूच सांगतो," असं म्हणून शेजारचे मामा जे सांगायचे, ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं. माझी मूळव्याध आणि घरमालकाची सून रुसून माहेरी गेल्याची बातमी, दोन्ही गल्लीला मामांच्या या हळू सांगण्यातूनच कळल्या.

मामांची उभी हयात कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौदे पुकारण्यात गेली. एवढ्या गलक्यातून बोली ऐकू जावी म्हणून कमावलेला आवाज निवृत्त झाल्यावर ठेवायचा कुठं? तो त्यांनी गल्लीला दिला. मी इथं राहायला आलो त्या दिवशी त्यांचा पावणा झालो आणि अकरा वर्षं पावणाच राहिलो.

लेक लग्न होऊन गेली आणि आमचं घर फार गप्प झालं. म्हणून हुपरीच्या मित्राकडून मी कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव दणदणीत ठेवलं, ढाण्या. मामा लगेच बघायला आले.

"हळूच सांगतो, कान बगा ह्याचं! लई तिखट निघणार!"

त्या तिखट जनावरानं जागीच मुतून घेतलं आणि पलंगाखाली धूम ठोकली.

तीन दिवस ते बाहेर आलं नाही. जरा नाक बाहेर काढावं, तर भिंतीपलीकडं मामा फोनवर कुणाची तरी खुशाली विचारायचे, की नाक परत आत. दुधाची वाटी तशीच राहायची.

बायको म्हणाली, "रविवारपर्यंत खाल्लं नाही, तर त्याला त्याच्या आईकडं सोडून यायचं. उपाशी मारायला आणलंय का?"

तिचं खरं होतं. पण मला ते पिल्लू हवं होतं. आता मामांना 'हळू बोला' म्हणून सांगायचं कुणी? शेवटी मीच गेलो.

"माझ्या आवाजानं?" मामांनी तीनदा विचारलं. दर खेपेला आवाज खाली उतरत गेला. तिसऱ्या वेळचा तो बारका आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चिडीचूप. दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा बरं हाईत न्हवं?" मामांची बहीण मलकापूरहून शहाळी घेऊन भेटायला आली. मामी तेवढ्या भडकल्या होत्या. "चाळीस वर्सं माझं ऐकलं न्हाई, आन् कुत्र्याचं चार दिसात ऐकलं!"

मामा रोज संध्याकाळी आमच्या पलंगाकडं पाठ करून फरशीवर बसायचे. दुधात भिजवलेली भाकरी तळहातावर घेऊन हात मागं धरायचा आणि काहीबाही पुटपुटत राहायचं. एकदा मी कान दिला. मामा कुजबुजत सौदा पुकारत होते.

"बोला... पिवळाधमक माल हाय... कोन घेतंय? बोला की..."

पिल्लाला समजवायला दुसरं काय बोलतात, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

शनिवारी गिऱ्हाईक बाहेर आलं. तळहात चाटूनपुसून साफ केला आणि मामांच्या मांडीवर चढून बसलं. मामा सगळं विसरले.

"आला की वो पावणं!"

खिडकीची तावदानं थरथरली. बायकोनं डोळेच मिटून घेतले. ढाण्या मुतला, पण मांडीवरून हलला नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच खरोखर हळूच सांगितलं, "पावणं, भिजलोय."

पुढं आवाज पूर्वपदावर आला. भिंतीपलीकडं मामा गरजले, की ढाण्या शेपूट हलवत फाटकाशी पळायचा.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मला त्यांची फार आठवण येते. ढाण्या आता पलंगाखाली मावत नाही, एवढा दांडगा झालाय. गल्लीत कुणाचं कडाक्याचं भांडण लागलं, की बाकीची कुत्री भुंकतात. हा मात्र खूश होऊन फाटकाशी जातो, शेपूट हलवत उभा राहतो. भांडण मिटतं, माणसं घरी जातात, तरी हा तिथंच. मग मीच त्याच्याजवळ जातो, कानाशी वाकतो आणि हळूच सांगतो, "मामा न्हाईत रं ते."