भट्टी विझवायची राहिली

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आखातात असताना, मदिनत खलीफा वस्तीतल्या आमच्या घरी एसी दुरुस्तीला रत्नागिरीकडचे एक म्हातारे चाचा आले. झाकण उघडण्याआधी, तवा तापलाय का बघतात तसा त्यांनी त्यावर तळहात धरला. मी हसले.

"जुनी सवय, बाय. तरुणपणी मासेमारीच्या वाफेच्या बोटीवर कोळसा टाकायचो. जाळी ओढून ओढून थकली बिचारी, एके दिवशी बुडाली. आम्ही सगळे वाचलो. पण बोट सोडताना भट्टी विझवायचं काम माझं. ते राहिलं."

"अहो, समुद्रानेच विझवली असेल की!"

"त्याने विझवली. मी नाही."

मग त्यांनी एसी दुरुस्त करून चालू करून दाखवला. "खलास, झालं काम," म्हणून ते निघाले आणि जिन्यावरून परत आले.

"मेन स्विच बंद केला ना मी?"

एसी तर त्यांच्यासमोरच गार हवा सोडत होता. मी गोंधळले; मग ती भट्टी आठवली आणि म्हणाले, "हो चाचा, केला."