भोंग्यातला मामा

उन्हाळी महोत्सव म्हटलं का तुम्ही खुर्ची पुढं ओढली अशीन. आता हा पोट्टा स्टेजवरच्या गमती सांगते, पाहुण्यायच्या नकला करते, आपण हसू. मंडळी, खुर्ची मागं घ्या. त्या साली स्टेजवर काय झालं ते मले ठाऊकच नाई. माझा महोत्सव झाला ऑटोत. पडदा लावलेल्या, टपावर दोन भोंगे बांधलेल्या ऑटोत.

चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाई. तरी महोत्सव याच महिन्यात, कारण हिवाळाभर आमचे सारे कलावंत झाडीपट्टीच्या नाटकायले जुपलेले. अन् महोत्सव आला हे लोकायले पोस्टरनं नाई कळे, माझ्या मामाच्या आवाजानं कळे. मामा हिवाळ्यात जीपमधून चामोर्शीकडच्या गावागावात नाटकाची अनाउन्समेंट करे, उन्हाळ्यात ऑटोतून शहरात महोत्सवाची. "रसिक मायबाप हो… आज रात्री… ठीक… आठ वाजता…" त्या 'ठीक'नंतर मामा असा थांबे, का नळावर भांडे घासणाऱ्या बायाही हात थांबवत.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन मामाचा घसा गेला. होळीच्या मागंपुढं नागपुरले ऑपरेशन झालं. डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याले भोक, त्यावर पांढरं फडकं, तेही सदा ओलं ठेवाचं. मामा घराबाहेर निंगेना. कोणी भेटाले आलं का भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घे. सोंग हा आमचा खानदानी धंदा, म्हणून मले ते लगेच ओळखू ये.

मामी म्हणे, "जेवते, औषध घेते, पण माणूस घरात नाई राह्यला रे."

मामी मले मामाजवळ ठेवून भावाच्या पोरीच्या लग्नाले चामोर्शीले गेली, अन् इकडं महोत्सववाले दारात आले. मामाले विचाराची कोणाची हिंमत नाई, म्हणून मले विचारलं, "काय बे, तू मामाची नक्कल करतं म्हणे?"

करतच होतो, लहानपणापासून. पण मामासमोर कधी नाई. मामाची पाठ आमच्याकडं होती. मी त्या पाठीकडं पाहून म्हटलं, "रसिक मायबाप हो… आज रात्री… ठीक आठ वाजता…"

मामा उठून बसला. मले वाटलं, आता चप्पल येते. त्यानं हात करून मले जवळ बसवलं अन् माझा गुडघा पकडला. पुन्हा बोल, अशी मान हलवली. मी 'ठीक' म्हटलं तसा त्यानं गुडघा दाबून धरला. थांब. मंग सोडला. आता बोल. पुढच्या साऱ्या दुपारी कूलरपुढं आमचं हेच चाललं. हळूहळू मले कळलं, भोंग्यातला शब्द समोरच्या भिंतीवर जाऊन वापस येते. तो आल्याबिगर दुसरा सोडला तं दोन्ही एकमेकायले खातात. मी मामाचा आवाज उचलला होता, थांबणं कधी उचललंच नव्हतं.

अनाउन्समेंटच्या दिवशी ऊन उतरलं, ऑटो आला, तं मामा माझ्याआधी जाऊन बसला. गळ्याभोवती दुपट्टा. पडदाही त्यानंच ओढला. जटपुरा गेटातून पुढं निंगालो तसे दारं उघडू लागले. पडद्याच्या फटीतून दिसे. एक म्हातारा रस्त्याच्या कडेले हात जोडून उभा होता. पानठेलेवाला ओरडला, "भाऊ बरे झाले काय?" ऑटोवाल्यानं मान खाली घातली. मामा डोळे मिटून बसलेला, हात माझ्या गुडघ्यावर.

बसस्टँडजवळ मी 'ठीक' म्हटलं. मामानं गुडघा दाबला. अन् त्या थांबण्यातच ऑटोवर कोणीतरी थापा मारल्या.

पडदा सरकला. मामी. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात एकच चप्पल, पिशवी कुठी टाकून आली कोण जाणे. तिनं आधी मामाच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग गळ्याच्या फडक्याकडं. मंग माझ्या हातातल्या माइककडं.

"मले वाटलं…"

पदरानं तोंड पुसलं अन् माझ्यावर घसरली. माइक चालूच होता. सारं बसस्टँड ऐकून राह्यलं होतं.

"काऊन रे, अक्कल इकून खाल्ली काय? यायच्या गळ्याले भोक, अन् तू कोळशाच्या धुळीत घेऊन फिरून राह्यला! डॉक्टरनं काय सांगतलं होतं? आवाज काय, कोणीही काढते. मी बसमधून उतरली तं आवाजानं नाई फसली मी. त्या थांबण्यानं फसली. ते यायचं एकट्याचंच होतं."

"चुकलं मामी," मी म्हटलं. तेही मामाच्याच आवाजात निंगालं.

"तोंड बंद!" अन् मामाकडं वळून, "तुम्ही काय हसून राह्यले? फडकं सुकलं, ते दिसत नाई!"

मामा खरंच हसत होता. होळीपासून पहिल्यांदा, बिनआवाजाचा.

"सरक तिकडं," म्हणून मामी आत शिरली. पाण्याच्या बाटलीनं फडकं ओलं केलं, गळ्यावर नीट बसवलं. मंग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "राह्यले ते वार्ड फिरून घ्या. पण माझ्या गल्लीत आला तं आपल्या आवाजात बोलजो. यायचा आवाज माझ्या दारावरून गेला अन् घरात नाई आला, तं मी कुठी पाहू रे, भडव्या?"