हस्की धानाच्या काट्यावर चढला

बायांनो, आज मी तोंडघशी पडली, तेही एका कुत्र्यापायी.

माही नात स्नेहल तिचा हस्की घेऊन साकोलीले आली. बर्फात गाडी ओढणाऱ्या जातीचा कुत्रा. त्याले भंडाऱ्याच्या उन्हात काहून आणला, ते भांडण वेगळं.

त्याले जंताचं औषध द्यायचं होतं, आन् ते वजन पाहून देतात. मी एकदा पाहून सांगितलं, "चाळीस किलो. धानाचा भरला कट्टा आहे." जन्मभर धानाचे कट्टे-पोते नजरेनंच जोखले, मी कायले चुकीन?

"आजी, औषध जास्त झालं तं त्याच्या जिवावर येईल. काटा काढ," स्नेहल म्हणाली.

मले राग आला, पण धानाचा काटा काढला. आधी ती एकटी उभी राहिली, मंग कुत्र्याले उचलून. फरक निघाला तेवीस किलो!

"आजी, तुहा कट्टा अर्धा रिकामा निघाला!"

मी त्याच्या अंगात हात खुपसला. बोटं बुडाली तरी केसच केस. आत सडपातळ अंग आन् दोरासारखे पिळदार पाय. याच कामाची दुसरी जात, मालाम्यूट, त्याचा कुत्रा माह्या चाळीसाच्या जवळ जाते म्हणे. तो जड वजन ओढते, हा दूरवर पळते. एवढ्याशा अंगानं बर्फात कोसच्या कोस गाडी ओढायची! माह्या बैलांनी ऐकलं तं लाजतीन.

औषध तेवीस किलोचंच दिलं. आता तो पंख्याखाली पसरला आहे, आन् मी उकाड्यात बसून हे लिहून राहिली.

तुमची नजर कोणाले जोखताना फसली काय? खरं सांगा, मी तं सांगितलं.