अकरा माणसांचा वड

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या. पुढं मंग माझ्या तोंडाकडे पाहून हसू नका, कारण हा घोळ मी एकट्यानं घातला. अन् तोही भर दुपारी, पुऱ्या शुद्धीत, डोक्यावर काळं फडकं घेऊन!

दारव्ह्याले माझा फोटोचा स्टुडिओ होता, तुमाले माईतच आहे. नवा महाराष्ट्र झालता, त्या सालची गोष्ट. माझ्या सासुरवाडीवरून नवी सडक जाऊन राह्यलती, अन् सडकेच्या बरोब्बर मधात गावचा वड येऊन राह्यलता. वड केवढा? त्याच्या सावलीत शाळेचे चारही वर्ग बसत, अन् तरी मास्तरच्या सायकलले जागा उरे. गावात शाळेले इमारतच नव्हती. वड गेला म्हणजे शाळा गेली, इतकं साधं होतं.

मेश्राम गुरुजी तिथले एकटेच मास्तर. त्यायनं सडकेच्या इंजिनेरसाहेबाकडे इतके खेटे घातले, की साहेब शेवटी कंटाळला. म्हणे, दहा माणसांच्या कवेत मावत नसन इतकं मोठं झाड असन, तर मी सडक वळवतो. पण पुरावा पाह्यजे, अर्जाले फोटो लावा. गुरुजी तसेच सायकल हाणत माझ्या दुकानात आले. मी म्हणलं, गुरुजी, घरचंच काम आहे, झालंच समजा. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा तेव्हा तोंडावर पडलो आहे.

गेलो. तीन पायांचा स्टँड, मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, सारं बैलगाडीत घालून. माणसं झाडाभोवती उभी केली, पाठ बुंध्याले, हातात हात. बरोबर अकरा लागले. अकरावे माझे सासरे. आम्ही त्यायले अब्बा म्हणतो. त्यायनं तर ईदची शेरवानी काढलती. मी सांगतलं, कोणी हलायचं नाई. नाई हलले बिचारे. मुंगळे चावून राह्यलते, तरी नाई हलले.

मी फडक्यात शिरलो, बाहेर आलो, लेन्सची टोपी काढली, मनात आकडे मोजले, टोपी लावली. फोटो असा साफ आला की पारंबी न् पारंबी मोजून घ्या.

माणसं मात्र पाचच होती.

अरे, झाड गोल असते ना भाऊ! पाच समोर, सहा मागं. आता तुमाले बसल्या बसल्या कळते. शेंबड्या पोरालेबी कळन. पण पंधरा वर्षं फोटोचा धंदा केलेल्या माणसाले नाई कळलं. कागद हातात आल्यावर कळलं, अन् तरी मी तो गुरुजीले दिला, की साहेब समजून घेईन. साहेबानं अर्ज परत पाठवला. वर शेरा, 'झाड पाच माणसांचे आहे.'

गावात त्याहून वाईट. मागं लपलेले सहाजण माझ्यावर खार खाऊन होते, अन् अब्बा त्यातच होते. त्यायनं फोटो हातात घेतला, नीट पाह्यला, मंग उलटा करून पाह्यला. मागच्या बाजूले तरी आपण असू म्हणून.

"जमाई," म्हणे, "मैं किधर हूँ?"

"अब्बा, झाडाच्या मागं."

"तो मुंगळे मेरे को कायकू कटवाए?"

हमीदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चार दिवस ताटात भाजी वाढली, पण तोंडातून शब्द नाई वाढला.

मंग मी अक्कल चालवली. इथंच सारा घात झाला पाहा. मी पुन्हा गेलो, अन् यावेळी कॅमेरा झाडाच्या मागच्या बाजूले लावला. साऱ्यायले बजावलं, जो जिथं होता तिथंच उभा राह्यन, आपल्याले बेइमानी नाई पाह्यजे. पहिल्या फोटोत पाच, दुसऱ्यात सहा, झाले अकरा. दुसराबी झकास आला. मधात अब्बा, शेरवानीत. गुरुजी म्हणाले, खाली दोन ओळी समजावून लिहू का? मी म्हणलं, कायले लिहिता, फोटोच बोलते.

बोलला ना फोटो. साहेबानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. एकात झाडामागं वावर, दुसऱ्यात घरं. माणसंबी निराळी. साहेब हुशार होता, मी त्याले दोष देत नाई. पंधरा दिवसांनी हुकूम आला. 'सडकेच्या रेषेत वडाची झाडे दोन. एक पाच माणसांचे, एक सहा माणसांचे. दोन्ही तोडावी.'

गुरुजी तो कागद घेऊन दुकानात आले. मोठ्यानं वाचलाबी नाई. माझ्या हातात दिला अन् बाकावर बसले.

"एक वाचवाले गेलतो," म्हणे, "अन् दोन मारले."

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून बंद दुकानातच बसलो.

ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन गावात आली. वड पाह्यला, एक. साऱ्या गावाले चक्कर मारली, तरी एकच. ठेकेदार पक्का माणूस. कागदावर दोन आहे, मी एक तोडला अन् उद्या दुसऱ्याचा जाब मलेच इचारला तर? त्यानं कुऱ्हाडी परत नेल्या अन् वर लिहून कळवलं, की जागेवर एक झाड कमी आहे.

सरकारचं झाड कमी! लागली चौकशी. अन् ते झाड शेवटचं कोणं पाह्यलतं? ज्यानं फोटो काढला त्यानं.

चौकशीचा कारकून अर्ज अन् दोन्ही फोटो घेऊन दुकानात आला, तेव्हा गुरुजी माझ्याजवळच होते. मी हात जोडून सांगतलं, साहेब, झाड एकच आहे, दोन बाजूनं काढलं. कारकून माणूस चांगला होता. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असं लिहून देता का? मंग एका झाडाचे दोन करून दाखवले, म्हणजे अर्ज खोटा. अर्जावर सही गुरुजीची. गुरुजीची नोकरी गेली, अन् उद्या वडावर कुऱ्हाड."

"नाईतर?"

"नाईतर दुसरं झाड चोरीले गेलं म्हणा. चोरीचा तपास चालू असला की पहिल्याले कोणी हात लावत नाई. अन् तपास आमच्याकडे लवकर संपत नाई."

चोरी म्हणलं की चोर पाह्यजे. गुरुजी नुसते खाली पाहत राह्यले, अन् मले खरंच रडू आलं. मी म्हणलं, लिहा, दुसरा वड मी तोडला.

"लाकडाचं काय केलं?"

"जाळलं."

"सारं?"

"थंडी लय होती."

त्यानं तेबी लिहून घेतलं. तपास अजून चालू आहे. सडक वडाच्या अलीकडे येऊन थांबली ते थांबली, अन् शाळा भरून राह्यली. पण माझ्यापुरतं तिथं संपलं नाई. त्याच बैठकीत कारकुनानं माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, अन् मंग इचारलं, "धंदा?"

एवढं तरी ताठ मानेनं सांगता येत होतं. मी म्हणलं, "फोटोग्राफर."

त्यानं टेबलावरचे माझे दोन्ही फोटो उचलले. एक पाह्यला, दुसरा पाह्यला, माझ्याकडे पाह्यलं, अन् लिहिलं, 'लाकूडतोड्या'.