लाज सोड, लाळ सोड

हिराबाई गेल्याचं मला तिच्या सुनेने सांगितलं. सकाळी मी पाणी भरत होते. ती दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, ये ना आत. तर म्हणाली, "वैनी, आई गेली..." हृदय बंद पडलं, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्याला आता महिना होऊन गेला. माझी शाळा चौथीपर्यंतच, लिहायची सवय नाही. पण हिराबाईबद्दल बोलायचं तर माझ्या दुखण्याचंही सगळं सांगावं लागतं, आणि ते मला तोंडाने सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही नेरूळला आलो तेव्हा नव्या वसाहतीतल्या इमारती अजून अर्ध्याच झाल्या होत्या. ह्यांना जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. दोन वर्षं आम्ही गावात हिराबाईच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहिलो. ती इथलीच, आगरी. नवरा तरुणपणीच गेला, आणि तेव्हापासून ती मुंबईच्या एका इस्पितळात आया होती. पोटात दुर्बीण घालून तपासतात त्या खोलीत पेशंटचं डोकं धरायचं आणि नळ्या धुवायच्या, हे तिचं काम. पहाटेच खाडीपूल ओलांडणारी बस धरायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पण अहो-जाहो केलेलं तिला खपत नसे. दुर्बीण म्हटल्यावर मला वाटायचं, डॉक्टर ती डोळ्याला लावून लांबून बघत असतील. हे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली होती. "लांबशी नाय गो बाय, गिळायची असते ती!"

आम्ही वसाहतीतल्या घरात गेलो त्याच वर्षी मला चक्कर यायला लागली. शौचाला काळं होत होतं. हे कोणाला सांगणार? ह्यांना नाही, सासूबाईंना तर नाहीच. एकदा हिराबाई वालाच्या शेंगा घेऊन आली आणि शेंगा देता देता तिने माझा हात धरून नखं बघितली. पांढरीफटक. मग हळूच विचारलं, "संडासला काळं होतं काय?" मला रडूच आलं. असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती मला आणि ह्यांना आपल्या इस्पितळात घेऊन गेली.

पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले, त्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ह्यांना नीट समजावलं. गाठीला देठ आहे, दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून देठापाशी कापता येईल, पोट उघडायला नको. पण रक्त थांबलं नाही किंवा भोक पडलं, तर मात्र पोट उघडावंच लागेल. सासूबाई तेव्हापासून देवापुढेच बसल्या. त्यांची बहीण पोट उघडल्यावर घरी परत आली नव्हती. माझी मुलं दोन, धाकटी तीन वर्षांची. पोट न उघडता ती गाठ निघावी, एवढंच मी मागत होते.

डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं होतं. तो दिवस नेमका चतुर्थीचा आला. म्हटलं, बरंच झालं, उपास आपोआपच घडेल. इस्पितळात नर्सने विचारलं, उपाशी ना? मी मान हलवली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही हलवली. हिराबाई कोपऱ्यात नळी पुसत होती, ती थांबली. "बाय, आज चतुर्थी. फराळ काय केलास?"

"साबुदाण्याची खिचडी... थोडीच. आणि केळं."

सगळे बघायला लागले. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, भरल्या पोटी नळी घातली असती तर ती खिचडी उलटून श्वासनळीत गेली असती. जीवावर बेतलं असतं. मला आठ दिवसांनी यायला सांगितलं. मी शरमेने मेल्यासारखी झाले. चार माणसांत माझं हसं केलं म्हणून हिराबाईशी चार दिवस बोलले नाही. जीव वाचवल्याबद्दल मी तिच्यावर रुसले होते... आता लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी ती न बोलावता आली आणि स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली. माझं जेवण लवकर उरकून घेतलं, डबे झाकले आणि सासूबाईंना म्हणाली, "आता उद्या हिचं होईपर्यंत पानी पन नाय. नैवेद्यसुदा नाय. देवाला सांगा, आजी."

त्या खोलीत मला डाव्या कुशीवर निजवलं. नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत कडी अडकवली. नळी आत गेली तशी तोंडातून लाळ सुटली. समोर पुरुष डॉक्टर, मी ती गिळायला बघत होते आणि ठसका लागत होता. कपाळावर हिराबाईचा हात होता, औषधाच्या पाण्याने खरखरीत झालेला. ती कानाशी म्हणाली, "लाज सोड, लाळ सोड. नाकानं श्वास घे." मी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा.

गाठ निघाली. रक्त आलं ते थोडंच, आणि थांबलं. पुढे तपासणीत कळलं की ती गाठ बिघडायला लागली होती, पण देठासकट पूर्ण निघाली होती. दोन दिवसांनी मी बसने घरी आले. शेजारणी टाके बघायला आल्या. टाका एकही नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, ही काहीतरी लपवते आहे. सासूबाईंनीसुद्धा दार लावून माझं पोट बघितलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

त्यानंतर दर वर्षी जागा तपासायला जायचं. सहा वर्षं मी जात राहिले, सहाही वेळा कपाळावर तोच हात. ह्या वर्षीची तारीख ती गेल्यावर पंधरा दिवसांनी आली. जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ह्यांनी रजा टाकली आणि म्हणाले, "तिला काय वाटेल?" तेवढ्यावर मी उठले.

हिराबाईच्या जागी आता एक उंच मुलगी आहे. तिने डोकं बरं धरलं, पण काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, जागा स्वच्छ आहे. मी उठून बसले. ती मुलगी हिराबाईचाच रबरी एप्रन घालून नळ्या धुवायला वळली. हिराबाई बुटकी, म्हणून तिने गळ्याच्या नाडीला गाठ मारून ती आखूड केली होती. ह्या मुलीला तो एप्रन हनुवटीशी काचत होता. "सुटतच नाही हो," ती म्हणाली, "आज कात्रीनं कापूनच टाकते."

"कापू नकोस," मी म्हटलं. त्या खोलीत आपणहून बोललेला माझा तो पहिलाच शब्द असेल. तिला स्टुलावर बसवलं आणि नखांनी गाठ सोडवत राहिले. बराच वेळ लागला, बाहेर हे ताटकळले. शेवटी सुटली. नाडी लांब झाली, एप्रन मुलीला नीट बसला. पण गाठ होती तिथे नाडीला बाक राहिला आहे. हाताने ओढून बघितला, जात नाही.