म्हशीच्या वाटेवरची जलपर्णी

आमच्या नेरे गावच्या ओढ्यात सध्या जलपर्णी इतकी माजलीय, की आमच्याकडे भाड्यानं खोली बघायला येणाऱ्यांना ती हिरवळच वाटते. वर जांभळी, देखणी फुलं. लोक उभे राहून फोटो काढतात. खाली पाणी आहे हे फक्त आम्हाला आणि डासांना ठाऊक.

मला त्या पाण्याशी काम पडतं ते म्हशीमुळे. वैशाखात दुपारचं डुंबायला मिळालं नाही की ती दूध आखडते, आणि सूनबाई लगेच सुरू होते, "आत्याबाई, इका आता तिला. गोठ्याच्या जागी दोन खोल्या निघत्याल."

माडीवरचा आमचा भाडेकरू हिंजवडीला कंपनीत जातो, गुणी पोरगा. एका शनिवारी तो सोबती घेऊन ओढा साफ करायला आला. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, पाठीवर 'नदी वाचवा'. जलपर्णी त्यांनी खरंच बरीच ओढून काढली, उगाच कशाला नावं ठेवू? पण ढीग घातला कुठं, तर ओढ्यात उतरायची एकच वाट आहे, नेमका तिच्यावर. मग ढिगापुढे ओळीनं उभे राहून फोटो.

"आरं, माझी म्हस खाली कशी जायाची?" मी विचारलं.

"आजी, उद्या ट्रक येतोय न्यायला."

ट्रक कुणी सांगितलाच नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलाय. ढीग कुजला, घाण वास सुटला, म्हैस तिथवर जाऊन माघारी फिरायची. दूध घटत चाललं. शेवटी मी बोअरची नळी गोठ्यात ओढली आणि भर दुपारी तिला भिजवत बसले. माडीवरची टाकी कोरडी पडली.

पोरगा तोंडाला साबण लावलेला खाली आला. "आजी, नळाला पाणी नाही."

"म्हशीचं झालं की यील. तुजा ट्रक येस्तवर आसंच चालायचं."

संध्याकाळी तो फावडं मागायला आला. दोघा सोबत्यांना घेऊन सगळा ढीग उचलला आणि वरच्या पडीक तुकड्यात पसरला. वाट मोकळी झाली, पण पाण्यावर पुन्हा हिरवं धरलं होतं.

"आजी, ही इतक्या लवकर परत येते कुठून?"

मी पाइप दाखवला. आमच्याच खोल्यांचा, थेट ओढ्यात पडणारा. "तुमी सकाळी जे सोडता ना, त्याच्यावर पोसती ती. भाडं मी घेती आन् खत तुमी घालता."

म्हैस पाला बाजूला सारत उतरली आणि नाकपुड्यांपर्यंत पाण्यात बसली. दुसऱ्या दिवशी धार चांगली निघाली. सूनबाईनं दूध गाळलं, खोल्यांचं नाव काही काढलं नाही.