खंडेरावांच्या नावाचा प्राणी

माझ्या सासऱ्यांच्या नावाचा एक सस्तन प्राणी तंजावुरात काही आठवडे अस्तित्वात होता.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. म्हणजे बेडूक आणि झुरळं कापून दाखवायचो. (याहून मोठ्या प्राण्याशी माझा संबंध लग्नानंतरच आला.) सासरे खंडेराव हे निवृत्त तहसीलदार. आमच्या शेजारच्याच घरात राहायचे. कुणी विचारलं, "जावई काय करतात?" की म्हणायचे, "बेडकांच्या खात्यात आहेत!"

कार्तिकातल्या एका सकाळी मागच्या अंगणातून बायको ओरडली, "अहो, लौकर या! केळीखाली काहीतरी बसलंय!"

बसलं होतं ते मी कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. मांजराएवढा देह, हत्तीसारखी सुरकुतलेली राखी कातडी, उंदरासारखी पण हातभर लांब शेपटी, आणि अंगावर औषधालाही केस नाही! मी त्याच्यावर टोपली उपडी घातली आणि टोपलीवर स्वतः बसलो.

"तुळजा," मी टोपलीवरूनच म्हणालो, "ही नवी जात आहे! जगात कुणाला ठाऊक नाही!"

"पावम! बिचारं किती खाजवतंय ते," तुळजा म्हणाली. शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती तिला नव्हतीच.

फळांच्या खोक्याला जाळी ठोकून पिंजरा केला. दात मोजायला म्हणून बोट पुढे केलं, तर त्यानं दातांनीच माझं बोट मोजलं. बोटाला पट्टी बांधून मी कॉलेज गाठलं आणि मद्रासच्या एका बड्या तज्ज्ञांना तार ठोकली. उत्तर आलं : पोंगल झाल्यावर येतो.

नवीन जातीला नाव हवं. मी ते सासऱ्यांचं दिलं. लॅटिन वळणानं 'खंडेरावी'! त्या संध्याकाळी ते प्रथमच मला "या, बसा" म्हणाले. पुढचे दोन दिवस आमच्या राजवीथी रस्त्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या घरी जाऊन त्यांनी पाहुण्यांच्या स्वागताचं आमंत्रण दिलं.

"मामा, अजून शिक्कामोर्तब व्हायचंय," मी सासऱ्यांना म्हणालो.

"तुम्ही प्राणी सांभाळा. माणसांचं मी बघतो!"

मी प्राणी सांभाळत होतो. पण आठवड्याभरात एक विचित्र गोष्ट घडली. प्राण्याच्या पाठीवर लव आली.

"थंडीची लोकर!" मी जाहीर केलं.

"तंजावुरात?" तुळजानं विचारलं.

मग शेपटी झुपकेदार झाली. तोवर मी त्याला घुशीच्या जवळचा मानत होतो. आता मुंगसाच्या शेजारी सरकवला. मग पाठीवर काळे ठिपके उमटले. मी त्याला मुंगसाकडून उचलून मांजराकडे नेला. शेवटी डोळ्यांभोवती काळा मुखवटा आला. वर्गीकरणाच्या वहीत खाडाखोडीला जागा उरली नव्हती. पण बाहेर सासऱ्यांनी मांडव घातला होता!

पोंगल झाला. तज्ज्ञ सकाळच्या गाडीनं उतरले. केसरी शिरा, उपमा, कॉफी झाली. अंगणात अख्खी राजवीथी. सासरे जरीचं पागोटं घालून पिंजऱ्याशेजारी उभे, जणू फोटो दोघांचा एकत्रच निघणार होता.

तज्ज्ञांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर राव, नवीन प्राणी कुठे आहे?"

"हाच, सर."

"हे उदमांजर आहे! माझ्या मद्रासच्या घराच्या छपरावर असली पाच-सहा नाचतात."

उदमांजर निवांत केळं खात होतं.

"पण सर, आलं तेव्हा याच्या अंगावर एकही केस नव्हता!"

"मग केस आले कुठून?"

तेवढ्यात दारातून तुळजा अभिमानानं म्हणाली, "मी आणले ना! खरूज झाली होती बिचाऱ्याला. हे कॉलेजात गेले, की मी काठीला चिंधी बांधून कडुलिंबाचं तेल आणि हळद लावायची. रोज!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते हो. पण तुम्ही एवढे खुशीत होता!"

तज्ज्ञ इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मी मात्र सासऱ्यांकडे बघायची हिंमत करत नव्हतो. आता बेडकांच्या खात्यातूनही माझी हकालपट्टी होणार!

पण चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस तो! त्यांनी खाकरून घसा साफ केला, पागोटं सारखं केलं आणि भरल्या अंगणाला सांगितलं, "मंडळी, ऐकलंत ना? आमच्या जावयांच्या घरी असं तेल आहे, की टकलावर केस उगवतात!"

दुपारी उदमांजराला नारळीच्या बागेत सोडलं. ते मागे वळूनही न पाहता झाडावर चढलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आमच्या दारात टकलू लोकांची रांग! वकील, मास्तर, देवळातले गुरुजी, कुणी ओरत्तनाडूहून पहिल्या बसनं आलेले. तुळजा आत तेल गाळत होती. सासरे ओसरीवर बसून प्रत्येकाला तेलाचे गुण समजावून सांगत होते. धंदा अगदी झोकात सुरू झाला असता, पण सासऱ्यांनी "हेच ते शास्त्रज्ञ!" म्हणून मला बाहेर बोलावलं, आणि माझ्या गुळगुळीत डोक्याकडे एकच नजर टाकून अख्खी रांग आल्यापावली परत गेली!